वेगळं कालवण

"आधी मीच बसते," म्हणत पारूबाईनं लंकाबाईला कोपरानं बाजूला सारलं आणि समाजमंदिरातल्या खुर्चीवर पदर सावरून टेकली. माधवनगरच्या बंद गिरणीमागच्या त्या वस्तीत कॅन्सरची तपासणी म्हटलं की बायांना कामं आठवायची. आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर सांगून दमली, एक हलली नाही. मग पारूबाई निघाली, दारादारात उभी राहून झापलं, तेव्हा कुठं भिंतीला पाठ लावून सगळ्या बसल्या होत्या. आपण उठलो की ह्या पळणार, हे ती ओळखून होती.

"बघा गं. तोंडच बघत्यात, जीव न्हाई काढत."

"तोंड उघडा, आजी," तरुण डॉक्टरीण म्हणाली.

"उघडंल की. मिटा म्हनून सांगा, त्ये अवघड हाय," लंकाबाई मागून बोलली. बाया फिसकन हसल्या.

बॅटरीचा उजेड मिशेरीनं काळ्या पडलेल्या हिरड्यांवरून फिरला, गालाच्या आत गेला आणि एका जागी थांबला. डॉक्टरिणीनं कापसाच्या बोळ्यानं ती जागा पुसली. पुन्हा पुसली.

"जेवताना झोंबतं का?"

"झोंबंल न्हाई तर काय! ही माझी सून, स्वप्ना. हिला मिरचीचा अंदाजच न्हाई. घास घेतला की डोळ्यातनं पानी. काल ताट ढकललं म्या. म्हनलं, सासू मारायची हाय तर एकदाच इख घाल."

दाराशी उभी असलेली स्वप्ना खाली बघत राहिली.

"कधीपासून होतंय?"

"दिवाळीपासनं. तवा हिच्या अंगात काय शिरलं कुनास ठावं."

स्वप्ना पुढं आली. सासूशी नाही, डॉक्टरिणीशी बोलली, तेही हळू.

"मॅडम, दिवाळीपासनं ह्यांच्या कालवणात मी मिरची घालतच न्हाई. आमचं येगळं, ह्यांचं येगळं करते."

"खोटं बोलतीस."

"न्हाई, आत्या. नुसती हळद आन मीठ."

या वेळी कुणी हसलं नाही. पारूबाईनं जीभ गालाला आतून लावून पाहिली. जागा खरबरीत लागली, दुसऱ्याच कुणाच्या तोंडातली असावी तशी. भीती वाटायला हवी होती. तीही आली नाही. समोरच्या भिंतीवर चुन्याचा पोपडा सुटला होता, तो ती बघत बसली.

डॉक्टरीण सांगत होती. चट्टा आहे, पुसला जात नाही. तेच असेल असं नाही. पण सोमवारी सांगलीला मोठ्या दवाखान्यात यायचं, बारीक तुकडा काढून तपासायचा. मिशेरी आजपासून बंद. बोलता बोलता तिनं दवाखान्याची चिठ्ठी लिहून स्वप्नाच्या हातात दिली.

"सुरी लागली की पसरतंय म्हनं," कुणीतरी कुजबुजलं. चपला शोधायची गडबड सुरू झाली. लंकाबाई उठलीसुद्धा.

"बस खाली," पारूबाई म्हणाली. आवाज रोजचाच निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं. "आता तुजा नंबर हाय. सोमवारी मी जानार हाय, मग तुला हितं बसाय काय झालं?"

लंकाबाई बसली.

पारूबाईनं स्वप्नाकडं न बघताच हात पुढं केला. दवाखान्याची चिठ्ठी मागतेय की उठायला आधार, स्वप्नाला कळेना. तिनं हात धरला. पारूबाईनं तो काढून घेतला नाही.