अश्विनचं चिमुकलं जहाज

देवाजी घुग्घुसच्या कोळसा खदानीत जीप चालवतो. अश्विन तापानं गेला, तेव्हापासून सुटीच्या दुपारी तो पोराच्या कॉम्प्युटरवर बसतो. अंतराळातल्या लढाईच्या खेळात अश्विनचं चिमुकलं जहाज अजून उडत होतं. वर चांदण्या, खाली चांदण्या, मधात ते एकलं. एकदा फुटलं की कायमचं जायचं, म्हणून देवाजी त्याला जपे.

अश्विनची मैत्रीण रिना हेडफोनमधून शिकवी. “काका, मोठ्या जहाजाले चिपकून गरगर फिरत राहा. त्याच्या तोफा हळू वळतात. थांबले का मेले!”

“भिंगरीवानी का व बाई?”

“हो, तसंच!”

आज डोंगराएवढं जहाज समोरून आलं. खदानीत डंपर दिसला की लहान गाडीनं बाजूला थांबायचं, हे देवाजीच्या अंगात मुरलेलं. बोटानं आपसूक ब्रेक दाबला.

“काका, थांबले काऊन? पळा!”

पडदा पांढरा झाला. खेळाडूंच्या यादीतून अश्विनचं नाव गेलं.

मग रिना म्हणाली, “माझ्या जहाजांतलं एक देते तुम्हाले.”

“नको बाई,” देवाजीनं हेडफोन काढता काढता म्हटलं, “मले थांबाचीच सवय हाय. तुझंबी फुटन.”