आळशाचं रान

"थांब की, पिराजी! पोरगी आली, तिला बघू दे," श्रीमंतकाका बांधावरून ओरडले आणि ट्रॅक्टर थांबला.

वडिलांच्या, अण्णांच्या अस्थी गोदावरीत सोडून मी नांदेडहून परतत होते. लोह्याच्या पुढे, गावाआधी आमचं रान लागतं, म्हणून तिथंच उतरले. समोर काळी ढेकळं. पल्टी नांगरानं हातभर खोल जमीन उलथी केलेली.

"कसं दिसतंय?" रडून रडून काकांचे डोळे सुजले होते. "थोरल्या भावाचं रान असंच ठेवून तेरावं घालावं व्हय? शेजारधर्म म्हणून पिराजी सकाळधरनं राबून राहिलाय. पोटात अन्न न्हाई त्याच्या."

माझं लग्न झालं त्या वर्षापासून अण्णांनी या जमिनीत नांगर घातला नव्हता. पीक कापायचं, मुळं आतच ठेवायची, वर काडीकचरा अंथरायचा आणि त्यातच बी टोकायचं. मोठ्या पावसात सगळ्यांची माती ओढ्याला जायची. आमच्या रानातून पाणी नितळ यायचं. तरी गाव म्हणायचं, आळशाचं रान.

"बगळे किती आलेत बघ," काका कौतुकानं म्हणाले.

बगळे गांडुळं वेचत होते.

"ताई, रस्त्यालगतचा तेवढा पट्टा ऱ्हायलाय," पिराजीनं घाम पुसला. "घेऊ ना?"

दोघं माझ्या तोंडाकडं बघत होते. नको म्हणायच्या ऐवजी मी वाकून एक ढेकूळ उचललं.

कुणीतरी सांगितलं म्हणून आई आली. सुतकात, अनवाणी. तिनं रान पाहिलं. ढेकळं तुडवत ती त्या पट्ट्यात येऊन उभी राहिली.

"एवढं ऱ्हाऊ द्या."

"वैनी, अर्धवट रान? लोकं हासतील की."

"ते व्हते तवा बी हासतच व्हते, भावजी. हासू द्या."

काका बांधावर बसले. "चुकलं काय आमचं?"

आईनं पायाखालचा काडीकचरा सारखा केला. मग म्हणाली, "तुमी जीव लावून केलं. त्यांनी बी जीव लावूनच केलं व्हतं."

पिराजीनं नांगर उचलला. रस्त्याला लागायला पट्ट्यावरून सरळ वाट होती. त्यानं ट्रॅक्टर मागं वळवला आणि आपणच फोडलेल्या ढेकळांवरून, हादरे खात, लांबून बाहेर काढला.