विहिरीला आलेला कढ

बहात्तरच्या माघात, केडगावपासून दोन कोसांवरच्या वस्तीत, बन्सीच्या विहिरीला कढ आला. थापा मारत नाही! भरदुपारी पाण्यातून बदाबदा बुडबुडे फुटायला लागले, आणि घागर वर काढली तर पाणी असलं कढत, की अंघोळीला विसण घालावं लागावं.

शेजारच्या मच्छिंद्रनं बोट बुडवून बघितलं. "बन्सी, तुझी जळणाची ददात मिटली की रं!" म्हणाला खरा, पण पुन्हा काही विहिरीकडं फिरकला नाही.

बन्सीची आई केशरबाई. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस ओळखायची ती आवाजावरून. तिनं ऐकलं आणि कपाळ बडवून घेतलं. "हिरीतल्या साती आसरा कोपल्यात. पाच दीस मोट बंद. रोज वटी भरायची, पान्याला हात लावायचा न्हाई."

"आये, गहू दाण्यावर आलाय. ह्या एका पान्यावर हाय सगळं!"

"तुझ्या थोरल्या भावाला ह्याच हिरीनं गिळलं. तवाबी तुझ्या बापानं माझं ऐकलं न्हाई."

बन्सीनं बैल गोठ्यात बांधले.

दुसऱ्या दिवशी वाकून बघतो, तर पाणी पुरुषभर खाली गेलेलं. कुणी उपसलं नाही, मग गेलं कुठं? तिसऱ्या दिवशी आणखी पुरुषभर. खालून घोट घेतल्यासारखा आवाज यायचा. बन्सीचा जीव नुसता तळमळत होता. न राहवून त्यानं मोटेला बैल जुंपले, तर म्हातारी चाचपडत आली आणि बैलांच्या धावेवर आडवी झाली.

"घाल माझ्या अंगावरनं!"

आईच्या अंगावरून बैल कोण घालील? त्यानं बैल सोडले आणि बांधावर बसून ढसाढसा रडला. गव्हाची पानं वळायला लागली होती.

पाचव्या दिवशी तळाचा खडक उघडा पडला. म्हातारीला सांगायला बन्सीची जीभ रेटेना. तिनं काठावर ओटी भरली, नारळ वाढवला, आणि तोंडभर हसून म्हणाली, "झाल्या बाया शांत. जुंप आता. पाज गव्हाला पोटभर."

बन्सीनं मुकाट्यानं बैल जुंपले, मोट खाली सोडली. ती धाडकन खडकावर आपटली.

केशरबाई हात पुढं करून बन्सीला चाचपू लागली.

"बन्सी, आरं, मला उचलून बाजूला का न्हाई टाकलंस रं?"