बाळाची वाटी

त्या चातुर्मासात मी एकभुक्त होते. डहाणूच्या रेल्वे क्वार्टरात दुपारी देवाला नैवेद्य दाखवला, की ओटीवर भातुकली मांडून बसलेल्या वसूला मी आतूनच विचारायची, "बाळ जेवला का गं?"

"हो, सगळं संपवलं!" ती ओरडायची. मग मी पानावर बसायची.

आमचा विष्णू ज्येष्ठात गोवरानं गेला. दोन वर्षांचाही नव्हता. एवढ्या लहानाचे दिवस नसतात, पिंड नसतो, असं भटजींनी सांगितलं. वसू मात्र त्याची वाटी रोज मांडी. हे एकदा म्हणाले, "आता तो खेळ पुरे करायला सांग." मी म्हटलं, "खेळू द्या हो पोरीला." खरं तर ते उत्तर ऐकल्याशिवाय घास उतरत नव्हता तो माझ्याच घशाखाली.

शेजारच्या चिकूच्या वाडीत वारली पाड्यावरची लाडकी नावाची बाई गवत काढायला येई. तिची धाकली वसूच्याच वयाची. आईचं काम होईस्तोवर ती आमच्या ओटीवर बसायची. पहिल्या दिवशी तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"यात तं काय नाय!"

"अगं वेडे, खोटं खोटं जेवायचं."

"खोटा कसा खाव? आमी खेकडं धरतो, भाजतो, खातो."

"शी! खेकडे!"

"तू शी म्हन. पोट तं माझा भरतं."

पण आठवड्याभरात ती शिकली. रिकाम्या वाटीतला घास चावत, "मीठ नाय घातला गो," म्हणून वसूलाच टोकायला लागली. दोघी खिदळायच्या. एकदा तिनं विचारलं, ही तिसरी वाटी कोनाची? वसू हळूच म्हणाली, "आमच्या बाळाची. तो मेला ना."

धाकलीचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पानात बांधून नागलीची भाकर आणली, पाण्यात भिजवून मऊ केलेली. ती बाळाच्या वाटीत ठेवली.

"हे काय गं? खोटंच असतं ना आपलं!"

"आपल्याला खोटा चालतं. मेल्याला खरा लागतं."

वसू त्या वाटीसमोर बसून राहिली.

नैवेद्य आटोपून मी आतून विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. वसू दोन्ही हातांत वाटी धरून दारात आली.

"आई, त्यानं खाल्लंच नाही. सगळी तशीच आहे." तिनं वाटी माझ्यापुढे केली. "तो कधीच येत नव्हता का गं?"

मागे धाकली उभी होती, आपलं काय चुकलं म्हणून घाबरून. "तुझं काही नाही गं चुकलं," एवढंच तिला म्हटलं आणि वाटी घेतली.

भाकर परसातल्या कुडाच्या कुंपणावर ठेवली. कावळ्याला बोलवायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. वसूनं माझा पदर धरला आणि रडत रडत तिनंच हाक घातली, "काव, काव." धाकली तिच्याजवळ येऊन उभी राहिली, आणि तीही बोलावू लागली.