सरदार कोणामागं पळतो

"हारनारानी पोयाले बैलनी झूल घालीसन गावमा फिरानं," मी म्हणालो, आणि प्रेमराज आबाच्या बशीतला चहा हिंदकळला.

"झूल तुले मोठी व्हई, लोट्या. तुले बोकडनी आनू."

टपरीवरचे सगळे हसले. मीपण हसलो. समोरच माझं पंक्चरचं दुकान आहे, हसायला मला वेळ भरपूर.

पैज अशी, की हरणाऱ्यानं पोळ्याला बैलाची झूल घालून गावात फिरायचं. भांडण साधं होतं. आबा म्हणे, त्याचा सरदार बैल त्याच्यामागं पळतो. मी म्हणालो, आबा, बैल तुझ्यामागं नाही, तुझ्या बुडाखालच्या घोडीमागं पळतो.

शंकरपटात बैलजोडी पळते, ते सगळ्यांना माहीत आहे. आबा तिच्यापुढं घोडी पळवायचा. हे त्यानं तरुणपणी नाशिककडून शिकून आणलं. घोडीवर एकटा माणूस, मागं जीव तोडून येणारी शिंगं. घसरला की संपला. साठी उलटली, खुबा मोडला, डाव्या हाताची बोटं वळेनात, तरी घोडीवर त्यानं दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. पोटच्या किरणलासुद्धा नाही. किरणला लेकरं झाली, तरी बाप त्याला घोडीची लीदच काढायला लावायचा.

पटावर बंदी होती त्या वर्षांत लोकांनी बैल विकले. आबा मात्र रोज पहाटे तापीकाठानं घोडी काढायचा, मागं दोन बैल, बघायला कुणी नाही. आम्ही त्याला विचारायचो, "आबा, आज कितवा नंबर?"

सरदार त्याच्या घरचाच. गाय व्याली आणि मेली. आबानं वासराला बाटलीनं दूध पाजलं, आपल्या खाटेला बांधलं. त्याची बायको सोनीबाई अक्का तेव्हापासून ओट्यावर झोपते.

"हारनू ते," आबा तावात उठला, "झूल ते घालसूच. वरथीन पुन्हा घोडीवर बसाव नही. घोडी किरणनी."

मी नुसती झूल मागितली होती. खोगीर त्यानं स्वतःहून डावावर लावलं. मी नको कशाला म्हणू? तोताराम नाना, टपरीवरचे सगळ्यात म्हातारे, त्यांना पंच केलं.

आणि मी आंधळी पैज लावत नाही. आबा खुब्यासाठी धुळ्याला दवाखान्यात पडला होता, तेव्हा किरण चोरून घोडी काढायचा. दुकानातून मी बघितलं होतं. सरदार दावं तोडून मागं. वर कोण बसलंय, त्याला काय घेणं!

रविवारी सकाळी तळ्यामागच्या पडीक रानात अख्खं गाव जमलं. मधे नाना सरदारचं दावं धरून उभे. एका टोकाला आबा, पायी, हातात गुळाचा खडा. दुसऱ्या टोकाला घोडीवर किरण. बसला तोही असा, की जन्मल्यापासून तिथंच होता.

अक्कापण आली होती, पदर डोक्यावर ओढून.

"काय वं अक्का, कोणाकडथीन?" मी विचारलं.

"लगीन व्हयनं तवयपाईन मी आवाज देस. हाऊ माणूस कधी उना का? आते समजी त्याले." लग्नापासून ती हाका मारते, आबा कधी आला नाही, हे गावाला ठाऊकच होतं.

नानांनी दावं सोडलं.

"सरदार! ये रे मना राजा, ये!"

सरदारनं कान हलवले, आणि सरळ आबाकडं चालायला लागला. आबाच्या तळहातात त्यानं तोंड घातलं, गूळ चाटला. आबानं तिथून माझ्याकडं बघितलं. पुढचे दात नसलेल्या त्या तोंडानं मनापासून हसला.

"दख, लोट्या! दख!"

"किरण!" मी ओरडलो. "पयाड ना घोडी! उभी घोडी काय दखाले आनी का?"

नानांनी मान डोलावली, पळवायला हरकत नाही. किरण थांबला. बापाकडं बघितलं. आबानं हात वर केला, थांब म्हणून केला का चल म्हणून, ते मला तरी कळलं नाही. किरणनं टाच मारली.

टापा वाजल्या तसा सरदारनं गूळ टाकला. घोडी आबाला घसटून पुढं गेली, आता बैल आणि तिच्यामधे आबा उभा होता. त्यानं शिंगाला हात घातला, "थांब रे, थांब बेटा," म्हणाला. बैलानं मान झटकली. आबा चिखलात उताणा, बैल त्याला ओलांडून गेला. शिट्ट्या वाजल्या. पहिली हसली ती अक्का.

"लागनं का?" नानांनी विचारलं.

"नही," आबा पडल्या पडल्या म्हणाला.

किरण लगेच वळला नाही. तळ्याला पुरता फेरा मारून आला, मागं सरदार. दोघांची चाल काय देखणी होती, खोटं कशाला बोलू.

पोळ्याला आम्हाला वाटलं, आबा आजारपणाचं निमित्त काढणार. मी शिंगं रंगवायचा हिंगूळ घेऊनच त्याच्या दारात गेलो. शिंगं नाहीत तर कान रंगवू म्हटलं, तेवढीच गंमत. आबा अंघोळ करून, आरशांची झूल पाठीवर, घागरमाळ गळ्यात, तयार बसला होता. त्यानं डोकं वाकवून एक कान पुढं केला. तो रंगवला, तर दुसरा केला.

"नीट लाव. पोया शे," म्हणाला.

मग मिरवणूक. पुढं घोडीवर किरण, मागं सरदार, सरदारमागं आबा. गावानं पोट धरलं. शेपूट कुठं, कुणी विचारलं. कुणी हुर्रर्र केलं. आबाच्याच दारात अक्का ताट घेऊन उभी होती. तिनं घोडीला ओवाळलं, सरदारला ओवाळलं. मग खापरवरची पुरणपोळी मोडून नवऱ्यापुढं धरली.

"हात नही लावाना!" मी गर्दीतून ओरडलो.

आबानं हात पाठीमागं घेतले आणि तोंडानं पोळी उचलली. अक्काचा हात काही वेळ तसाच पुढं राहिला.

वेशीजवळ वाजंत्री चढली. घोडी बिचकली, किरणनं तिला मोकळी सोडली. ती निघाली तसा सरदार निघाला. त्याच्यामागं घागरमाळ खुळखुळायला लागली. मोडका खुबा ओढत, झूल सावरत, आबापण पळत होता.

पैजेत नुसतं फिरायचं ठरलं होतं.