पातळ भराव

"ढिगातला दगड आधी चाळून घ्या. जो भिजला की चिखल होतो, तो बाजूला टाका. चिखलानं कधी छत तोलून धरलंय का?"

सासरे सांगायचे. खाणीत भराव घालण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांची खुर्ची आता धाकट्या दिरांकडे आली आहे. अक्कल वाटेत कुठेतरी सांडली असावी.

काम तसं सरळ आहे. कोळसा काढलेली पोकळी तशीच ठेवली तर छत कोसळतं. म्हणून खाणीतलाच टाकाऊ दगड दळून, राख-सिमेंटात कालवून पाइपातून खाली सोडायचा. दाट मिश्रण हळू जातं, आणि भाऊजींना हळू काही चालत नाही. दुपारी मोठे साहेब येणार, त्याआधी पोकळी भरलेली हवी. म्हणून ढीग न चाळताच उचलला आणि वर पाण्याचा नळ मोकळा सोडला.

नमुने तपासणं माझ्याकडे. परातीत साचा भरून तो वर उचलला. चांगल्या मिश्रणानं जरासंच खाली बसावं. हे परातभर पसरलं.

"भाऊजी, हे नका सोडू."

"कसं सुळसुळ जातंय बघा तरी, वहिनी!"

"पाणी निथळलं की खाली बसेल. छताखाली फट राहील."

"उपास करकरून तुम्हाला जिथे तिथे पोकळीच दिसते."

पंपावरचे दोघे हसले. अशा हसण्यावरच भाऊजींचं पोट भरतं. मी परात धुतली. पालथ्या घड्यावर पाणी कशाला. ते त्यांनी आधीच भरपूर ओतलं होतं.

थोड्या वेळानं खालून ह्यांचा फोन आला. छत तोलण्यासाठी राखलेला शेजारचा कोळशाचा खांब कापायला ह्यांची टोळी निघाली होती. भाऊजींनी रिसीव्हर झडप घालून घेतला.

"हो रे दादा, भराव छताला टेकलाय! जा बिनधास्त!"

सकाळपासून खाली पाऊल न टाकता, खुर्चीत बसून छत दिसणारा हा आमच्या घरातला पहिलाच. मी रिसीव्हर मागून घेतला.

"मी स्वतः बघून येते. तोवर कुणाला पुढे नेऊ नका."

"नक्की येतेस?"

"शब्द देते."

"वहिनी, साहेब फाटकाशी आलेत! माझी शोभा करू नका."

"ते कसब तुमचंच, भाऊजी," मी हळूच म्हटलं.

ते खिडकीच्या काचेत बघून भांग सारखा करू लागले. मी टोपी घातली, दिवा लागतो का ते पाहिलं आणि लिफ्टकडे चालू लागले.