शून्याकडे कोण होतं

"शून्य?" बाबांनी विचारलं.

"शून्य," ती म्हणाली, आणि फितीवरची शून्याची रेघ फडताळाच्या कडेला लावून अंगठ्यानं दाबून धरली.

बाबांनी दुसऱ्या टोकाला ताण दिला, चष्मा कपाळावर सरकवला, आकडा वाचला आणि कानामागची पेन्सिल काढून तो हातातल्या वहीत लिहिला. फडताळाच्या तीन फळ्या वाकल्या होत्या. सुतार दाराशीच उभा होता. मापं मी घेतो म्हणून त्यानं दोनदा सुचवून पाहिलं होतं. पण हयातभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाच्या घरात सुतारानं माप घ्यायचं, म्हणजे आचाऱ्यानं बाहेरून डबा मागवण्यासारखं झालं असतं. सुतार शहाणा होता. त्यानं आपली फीत खिशात ठेवली.

फीत जुनीच होती, मेणकापडाची. तिच्या टोकाला पितळी कडी होती, कडीनंतर वीतभर कोरी पट्टी आणि मग शून्याची रेघ. नवख्या माणसाच्या हातात फीत दिली की तो हटकून कडी धरणार आणि माप वीतभर चुकणार, हे बाबांना पाठ होतं. म्हणून वाचण्याआधी ते समोरच्याच्या बोटांकडे बघत. कचेरीतल्या वीस-वीस वर्षं मुरलेल्या माणसांच्या बोटांकडेही बघत. लेकीच्या बोटांकडे मात्र ते बघत नसत. आजही बघितलं नाही.

मापं संपत आली तेव्हा समोरच्या घरातले पोस्टमास्तर फाटकाशी आले. त्यांना घर विकायचं होतं आणि घेणारा मोजणीचा नकाशा मागत होता. तो आपण का द्यायचा, असा त्यांचा सवाल होता. ज्याला घर हवं त्यानं मोजून घ्यावं. भाजी घेताना वजनकाटा काय आपण बरोबर नेतो?

"उलट बोललात," बाबा म्हणाले. "काटा भाजीवाल्याचाच असतो."

पोस्टमास्तर हसले, पण हटले नाहीत. कायदा काय म्हणतो ते सांगा म्हणाले.

कायदा तसं काहीच म्हणत नाही, बाबांनी सांगितलं. करारात जे लिहाल ते खरं. कुठे विकणारा देतो, कुठे घेणारा करून घेतो, कुठे दोघं मिळून मोजणीदार बोलावतात. भांडणं होतात ती काहीच न लिहिल्यामुळे.

"आणि तुमचं मत?"

बाबांनी फीत गुंडाळायला घेतली. ती गुंडाळताना ते फडक्यानं पुसत जात, त्यामुळे उत्तराला वेळ लागला. "माझं विचाराल तर, जो सोडून जातोय त्यानं दाखवून जावं, आपलं कुठपर्यंत होतं ते."

दुपारी तिनं ताटं घेतली. बाबांनी वरणात मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि दोनदा वाढून घेतलं. तिची बस चारची होती. नेहमीसारखे ते फाटकापर्यंत आले. 'टाचणी, पोचलीस की फोन कर,' म्हणाले. टाचणी हे तिचं लहानपणचं नाव. तेव्हा ती काटकुळी होती. आता सेहेचाळिशी उलटली होती, एका मोठ्या ग्रंथालयात हाताखाली चार माणसं होती आणि काटकुळेपणाचा मागमूस उरला नव्हता, पण नाव राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा खुर्चीत बसल्या जागी गेले. फळ्या तेव्हा सुताराकडेच होत्या. पुढच्या आठवड्यात त्यानं त्या आणून बसवल्या. कुठे रंधा फिरवावा लागला नाही.

आई जाऊन बारा वर्षं झाली होती. भावंड नव्हतं. तिचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी, बसनं पाच तासांवर. बंद घर पोसण्यात अर्थ नाही हे सगळ्यांनी तिला सांगितलं आणि तिलाही पटलं. चार महिन्यांनी तिनं दलाल गाठला. दलालानं दातांचा एक डॉक्टर आणला. डॉक्टरला घर पसंत पडलं, त्याच्या बायकोला अंगण पसंत पडलं, आणि मग डॉक्टरनं विचारलं, "मोजणीचा नकाशा असेलच ना? वडील त्याच खात्यात होते म्हणे."

नकाशा नव्हता. खरेदीच्या वेळचा जुना आराखडा होता, पण घर आणि कुंपणभिंत झाल्यानंतरची मोजणी झालेलीच नव्हती. कचेरीतली माणसं बाबांना यावरून छेडत, साहेब, तुमच्या घराला फीत कधी लावायची? बाबा म्हणत, न्हाव्यानं स्वतःचं डोकं स्वतः भादरू नये. लोक हसत आणि विषय संपे.

दलालानं तिला बाजूला घेतलं. त्याचा सल्ला सोपा होता. करारात 'आहे त्या स्थितीत' असं लिहायचं आणि मोजणी घेणाऱ्यानं हवी तर करून घ्यावी असं कलम घालायचं. डॉक्टर आळशी आहे, तो करणार नाही. "ताई, झाकली मूठ राहू द्या. मोजलं की काहीतरी निघतंच. माझा तीस वर्षांचा अनुभव आहे."

काय निघेल ते तिला ठाऊक होतं.

ती दहा वर्षांची असताना उत्तरेकडची भिंत घातली गेली. मधला हद्दीचा दगड गाडीच्या चाकाखाली केव्हाच उखडला गेला होता. म्हणून बाबांनी शेजारच्या जागेच्या पलीकडच्या कोपऱ्यावरच्या दगडापासून माप घ्यायचं ठरवलं. शेजारची जागा चाळीस फूट. चाळीस फूट संपले की आपली हद्द सुरू. कचेरीतला माणूस त्या दिवशी आला नव्हता आणि गवंडी तर येऊन बसला होता. बाबांनी तिला दगडापाशी उभं केलं, शून्याची रेघ दाखवली, 'इथे धर, कडीवर नाही' असं बजावलं आणि फीत सोडत निघाले. ती पितळी कडी सोन्यासारखी चमकत होती. तिनं बोट कडीत घातलं आणि कडी दगडाला टेकवली.

"शून्य?" लांबून आवाज आला.

"शून्य," ती ओरडली.

खूण वीतभर पुढे, म्हणजे आपल्याच अंगणात पडली. तिच्यावर पाया आला आणि पायावर भिंत. भिंत कमरेइतकी झाली तेव्हा भातुकलीचं घर मोजताना तिनं ती फीत पुन्हा हातात घेतली, रेघ पाहिली, आणि आपण काय केलं ते तिला कळलं. सांगावं असं त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी वाटलं. भिंत पूर्ण झाल्यावर एका सकाळी बाबा एकटेच फीत घेऊन बाहेर गेले. दगडात खिळा ठोकून त्याला त्यांनी फीत अडकवली आणि दोनदा मोजलं. मग भिंतीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. ती खिडकीतून बघत होती. आत आल्यावर आईनं विचारलं, एवढं काय बघत होता? 'ऊन कसं पडतंय ते,' म्हणाले आणि चहा मागितला.

भिंत तशीच राहिली. एवढाच फरक पडला की त्याआधी बाबा चारचौघांत म्हणायचे, 'माझी रेघ चुकत नाही.' त्यानंतर ते वाक्य त्यांच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नाही. आपल्या हातून चूक झाली असं बाबा समजून बसले, आणि आपण त्यांना तसं समजू दिलं. छत्तीस वर्षं ती हे वाक्य मनात घेऊन त्या घरी जात-येत राहिली. प्रत्येक वेळी काहीतरी आड यायचं. कधी आईचं दुखणं, कधी बसची वेळ, आणि बहुतेक वेळा काहीच नाही.

"मोजणी विकणारा देईल," ती दलालाला म्हणाली. "करारात तसंच लिहा."

दलालानं कपाळाला हात लावला.

मोजणीला आला तो बाबांच्या हाताखाली शिकून मोठा झालेला माणूस. कचेरीत सगळे त्याला चेला म्हणत. आता त्याचेही केस पिकले होते आणि निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तिपाईवर ठेवायचं नवं यंत्र त्यानं आणलं होतं, पण काम सुरू करण्याआधी त्यानं बाबांच्या मोजणीवह्या मागितल्या. त्या फडताळातल्या नव्या फळीवर होत्या, वर्षवार, सुतळीनं बांधलेल्या. तिनं भिंतीच्या वर्षाचा गठ्ठा न सोडताच त्याच्या हातात दिला. आजवर तो उघडायचं धाडस तिला झालं नव्हतं.

डॉक्टर आणि त्याची बायको आली होती. दलाल होता. भिंतीपलीकडे शेजारची मावशी झारी घेऊन उभी होती. तिला पाणी घालायचं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. तिची वेल भिंतीच्या त्या अंगानं चढून या बाजूला आली होती. आपली वेल काढावी लागेल का, असं तिनं सकाळपासून दोनदा विचारलं होतं.

तासाभरात चेल्यानं यंत्र खाली ठेवलं. मग पुन्हा लावलं. मग त्यानं पोलादी फीत काढून स्वतः मोजलं. त्याचे कान लाल झाले होते.

"वीतभर आत आहे," तो शेवटी म्हणाला. "भिंत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढी जागा मावशींकडे गेली आहे."

"मी काही केलं नाही हो," मावशी पलीकडून म्हणाली.

कोणी तसं म्हटलेलं नाही, असं दलालानं मावशीला सांगितलं आणि साहेबांच्या लेकीकडे अशा नजरेनं पाहिलं की बघा, मी म्हणत नव्हतो? डॉक्टरची बायको म्हणाली, वीतभराचं काय घेऊन बसायचं, भिंत हीच हद्द असं कागदावर लिहा आणि मोकळे व्हा, वेल मला आवडते. डॉक्टरलाही ते मान्य होतं. सौदा मोडेल असं तिला महिनाभर वाटत आलं होतं. तो मोडला नाही.

पण डॉक्टर दिलखुलास माणूस होता आणि त्याला विनोद सुचला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मोजणीसाहेबांची स्वतःची भिंत अशी, तर बाकी गावाची काय कथा? माझ्या दवाखान्याची मोजणी त्यांचीच आहे. पुन्हा करून घ्यावी म्हणतो."

दलाल हसला. तोंडदेखलं का होईना, पण हसला. चेला हसला नाही. त्यानं गठ्ठा सोडला आणि ती वही काढून पानं उलटायला लागला. साहेबांची चूक आपल्याच तोंडून जाहीर झाली, याचा त्याला त्रास होत होता. कुठे काही कारण नोंदलेलं असेल, असं त्याला वाटत असावं.

"प्रत्येक मापाला दोन नावं लिहायला लावायचे," तो वही चाळता चाळता सांगत होता. "शून्याकडे कोण आणि वाचनाकडे कोण. आम्ही कंटाळायचो. म्हणायचे, चूक झाली तर कुणाच्या दारात जायचं ते कळायला नको? शिपाई असला तरी नाव लिहायचं. एकदा एका शेतकऱ्याच्या बायकोचं नाव लिहिलं होतं, तिनं फीत धरली म्हणून." तो थांबला. "हे बघा. उत्तरेची भिंत."

त्यानं पान वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग न राहवून थोडा हसला. "हे काय लिहिलंय? शून्याकडे, स्वतः. वाचनाकडे, स्वतः. एकच माणूस दोन्ही टोकांना कसा असेल? साहेबांचे हात चाळीस फूट लांब होते का?"

तिनं वही हातात घेतली. अक्षर बाबांचंच होतं, बारीक, उजवीकडे झुकलेलं. 'वाचनाकडे'पुढचं 'स्वतः' पानावरच्या इतर मजकुरासारखं निळ्या शाईत होतं. 'शून्याकडे'पुढचं काळ्या शाईत होतं, आणि ते एका खोडलेल्या शब्दाच्या शेजारी लिहिलं होतं. खोडताना शाईचे इतके फराटे मारले होते की खालचा शब्द वाचता येत नव्हता. फक्त शेवटच्या अक्षराची वेलांटी वर उरली होती, निळी.

त्या वेलांटीवर तिनं अंगठा ठेवला आणि उचलला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या सकाळी दोनदा मोजून आत आल्यावर, चहा पिऊन झाल्यावर केव्हातरी, काळं पेन घेऊन बसले असतील.

चेला अजून नवल करत होता. साहेबांकडून अशी नोंद व्हायचीच नाही म्हणत होता. डॉक्टर त्याला विचारत होता की मग नेमकी चूक धरायची कुणाची. दलाल म्हणत होता, जाऊ द्या, गेलेल्या माणसाची कसली चूक काढता. मावशीनं झारी भिंतीवर टेकवली होती.

"चूक त्यांची नाही," ती म्हणाली.

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं वही मिटली नाही. ते पान वर येईल अशी ती चेल्यापुढे धरली.

"शून्याकडे मी होते. त्यांनी रेघेवर धर म्हणून सांगितलं होतं, मी कडीवर धरलं. आणि नंतर कळलं तरी सांगितलं नाही." तिनं काळ्या शाईतल्या 'स्वतः'वर बोट ठेवलं. "बाबांची रेघ चुकली नव्हती."